घर दात खातं

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पडघ्याला एका लग्नात होते. झोपेतच गेल्या, एवढंच कळलं... भिवंडीतल्या बालवाडीत आम्ही दोघींनी बरोबर शिकवलं. गेले काही आठवडे त्यांच्याबरोबर रुहीही सारखी आठवते आहे.

रुही चार वर्षांची. एरवी मजेत खेळायची. घरी जायची वेळ झाली की किंचाळायची, चावायची. तिचे वडील कापडाच्या लूमवर कामाला. "मॅडम, दो थप्पड़ लगाओ, सीधी हो जाएगी," म्हणायचे. कुंदाताई मूळच्या अंजूरच्या. चिडल्या की गावची बोली यायची. "मारून भीती जात न्हाय, दादा. फकस्त लपते." मग त्या रुहीशेजारी फरशीवर बसायच्या. रडू नको, असं म्हणायच्या नाहीत. पाठीवरून हात फिरवत स्वतः सावकाश श्वास घेत राहायच्या, तिचाही श्वास संथ होईपर्यंत. अशाच एका दुपारी हुंदके थांबले आणि रुही हळूच म्हणाली, "घर दात खातं."

मला हसू आलं. कुंदाताईंना नाही.

शुक्रवारी, लूम बंद असताना, आम्ही तिच्या घरी गेलो. जुनी इमारत, खाली लूमचा कारखाना. रुही दारातच थांबली, कानांवर हात ठेवून. ताईंनी भिंतीला कान लावला, मग मलाही खुणावलं. आतून करकर येत होती. बारीक, थांबून थांबून... भिंतीखाली सिमेंटची भुकटी पडली होती, ताजी.

इमारतीच्या मालकाला बोलावलं. तो म्हणाला, "लूमच्या हादऱ्यानं होतं तसं."

"लूम बंद हाय," ताई म्हणाल्या आणि जिन्यावरच बसल्या. "सगळी खाली उतरल्याबिगर मी उठणार न्हाय."

कुरकुरत, शिव्या देत माणसं संध्याकाळपर्यंत बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीची मागची बाजू कोसळली. आत कुणी नव्हतं.

त्यानंतरही, दुसऱ्या घरात राहायला गेल्यावरही, रुही कित्येक महिने किंचाळायची. "आता कसली भीती?" असं ताईंनी तिला एकदाही विचारलं नाही. तिच्याजवळ बसत राहिल्या.

परवा बालवाडीत गेले. खोली तीच, बाई नवीन. कोपऱ्यात एक मुलगी मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती. "आधी फार दंगा करायची," बाई कौतुकानं म्हणाल्या. "हल्ली एकदम शहाणी झाली. आवाजसुद्धा नाही."

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. ती अंग चोरून सरकली, पार भिंतीला चिकटली...

उद्या पुन्हा जाणार आहे.