४४१८ नंबरचा फोटो

आधी एक कबूल करते. तीन वर्षांपासून मी या ग्रुपवर आहे, पण इथले अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचायचे. माझ्या धंद्यात भुताचे फोटो रोज बनतात... लेन्सवरची धूळ, काचेवरचं प्रतिबिंब, हललेला हात. कुणी तसा फोटो घेऊन आलं की दोन मिनिटांत कारण सांगून मोकळी व्हायचे. एका फोटोचं कारण मात्र सव्वा वर्ष झालं तरी सापडलेलं नाही. म्हणून लिहितेय.

मी परभणीत राहते. चौदा वर्षं लग्नाचे आणि पोर्ट्रेट फोटो काढते. बाई फोटोग्राफर म्हणून लाजऱ्या बायका माझ्याकडे जास्त येतात. गेल्या वर्षी पोखर्णीच्या अलीकडच्या एका गावातून (नाव देत नाही) एका काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "फोटो काढायचाय, पण मला फोटोची लय भीती वाटती. तुमी घरी येताल का?"

काकू त्या वर्षी सरपंच झाल्या होत्या. महिला राखीव जागा. पण ग्रामपंचायतीतल्या बोर्डावर आणि गावातल्या बॅनरवर फोटो काकांचा, कारण काकूंचा छापण्यासारखा एकही फोटो घरात नव्हता. पाहुण्यांच्या लग्नांचे अल्बम त्यांनी दाखवले. प्रत्येक फोटोत काकू मागच्या रांगेत, तोंडापुढे पदर. त्यांचे समोरचे दात थोडे पुढे आहेत. त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोग्राफर सगळ्यांसमोर म्हणाला होता, नवरीबाई, दात झाका. तेव्हापासून तीस वर्षं त्या झाकत होत्या. आता मात्र त्यांना बोर्डावर स्वतःचं तोंड हवं होतं. काकांचाही विरोध नव्हता, उलट खुर्ची त्यांनीच पुसून ठेवली होती.

अशा वेळी मी अर्धा तास कॅमेरा बाहेरच काढत नाही. चहा घेतला, पिकापाण्याच्या गप्पा झाल्या. मग कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतीच शटर वाजवत राहिले, म्हणजे आवाजाची सवय होते. दुपारचे बारा वाजून गेले होते, दारातून चांगला उजेड येत होता. काकूंना ओसरीत खुर्चीवर बसवलं. मी त्यांच्यासमोर पाच-सहा फुटांवर. त्यांच्या डाव्या हाताला, चार फुटांवर विटांची भिंत. काका बाहेर अंगणात फोनवर बोलत होते. घरात तिसरं कुणी नव्हतं.

काकूंनी पदर खाली घेतला, पण ओठ घट्ट मिटलेले. मी म्हटलं, असू द्या, हसू नका, फक्त माझ्याकडे बघा. तीस-एक फोटो काढले. त्यातले दोन-तीन बरे आले. काकूंना ते कॅमेऱ्यावर दाखवले तर म्हणाल्या, चालतंय की.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत फोटो लॅपटॉपवर घेतले. ४४१७ नंबरच्या फोटोत काकू ओठ मिटून बसलेल्या. ४४१९ मध्येही तशाच. मधला ४४१८ उघडला आणि मला आधी कळेचना की मी काय बघतेय.

फोटो डाव्या बाजूने काढलेला होता. काकू खुर्चीत बसलेल्या, मान त्या बाजूला वळलेली, आणि त्या हसत होत्या. सगळे दात दिसतील असं, डोळे बारीक करून. चौदा वर्षांत इतका मोकळा चेहरा मला कुणाचाच मिळालेला नाही. फोटोच्या डाव्या कडेला, थोडी धूसर... मी उभी होते. माझा हिरवा कुर्ता, डोळ्याला लावलेला कॅमेरा. ज्या कॅमेऱ्यात तो फोटो होता तोच कॅमेरा. त्याचा पट्टा मी लाल दोऱ्याने शिवलाय, ते टाकेसुद्धा दिसत होते.

दुसरा कॅमेरा मी नेलाच नव्हता. फाईलवर माझ्याच कॅमेऱ्याचा नंबर, माझीच लेन्स, आणि वेळ ४४१७ नंतर तीन सेकंदांनी. ते बटण मीच दाबलं होतं, पण माझ्या जागेवरून निघालेला फोटो कुठेच नव्हता. त्याच्या जागी हा.

आणखी एक गोष्ट मी गणित करून पाहिली. त्या लेन्सने एवढं सगळं एका चौकटीत यायचं तर काकूंपासून तेरा-चौदा फूट लांब जावं लागतं. त्या बाजूला भिंत चार फुटांवर. म्हणजे फोटो भिंतीच्या पलीकडून, नऊ-दहा फुटांवरून काढलेला. तोही उभं राहून नाही. खाटेवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतक्या उंचीवरून.

परभणीतल्या दोन अनुभवी फोटोग्राफरांना दाखवला. एक म्हणाला दोन फोटो एकमेकांवर चढलेत, दुसरा म्हणाला तूच कॉम्प्युटरवर जोडलास. मी जोडला नाही, हे मला तरी माहीत आहे.

चार दिवसांनी प्रिंट घेऊन गेले. दाखवावा की नाही, हे बसमधून उतरेपर्यंत ठरत नव्हतं. शेवटी दाखवला. वाटलं, घाबरतील. काकू घाबरल्या नाहीत. फोटो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "मी हसले न्हवते."

मला माहीत होतं. मी समोरच होते.

भिंतीपलीकडे काय आहे असं विचारलं, तेव्हा त्यांनी काकांना पाणी आणायला पाठवलं आणि सांगितलं. आधी ती एकच लांब ओसरी होती. वाटणीत मधे भिंत आली. पलीकडे थोरल्या जाऊबाई, त्यांना सगळे अक्का म्हणायचे. काकू नव्या सून म्हणून आल्या तेव्हा त्यांचा पदर तोंडावरून ओढून काढणारी अक्काच. काही तरी बोलून त्यांना हसवायची. घरात काकू फक्त तिच्यासमोर मोकळ्या हसायच्या. वाटणीत दोघींचं बिनसलं ते सहा वर्षं बोलणं बंद. शेवटच्या आजारपणात अक्काची खाट त्या भिंतीपलीकडेच होती. खोकल्याचा आवाज इकडे यायचा.

"एक दिवस तिनं हाक मारली," काकू म्हणाल्या. "माझं नाव घेऊन. मी टीव्हीचा आवाज वाढवला."

त्यानंतर तीन दिवसांत अक्का गेली. हे त्यांनी काकांनाही कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, काकू, हा फोटो कुणी काढला ते आपल्याला माहीत नाही, उगाच अक्काशी जोडू नका. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. फोटोवरून हात फिरवत म्हणाल्या, "तिनं रागानं बघायला पाहिजे होतं मला. असं कशाला बघितलं?"

पलीकडची खोली अक्का गेल्यापासून बंद. किल्ली तिच्या मुलाकडे, तो पूर्ण्याला रेल्वेत आहे. काकूंनी स्वतः त्याला फोन केला, तोही वाटणीनंतर पहिल्यांदाच. रविवारी तो आला. मीही गेले, मोजायची टेप घेऊन. त्याला आम्ही फोटोचं काही सांगितलं नाही. काकूला खोली बघायचीये एवढंच.

आत धूळ, दोन पेट्या आणि खाट. भिंत मधे धरून मी माप घेतलं. फोटो जिथून निघाला असेल ती जागा खाटेच्या उशाकडे आली. मी तिथे बसले, कॅमेरा डोळ्याला लावला. समोर नुसती भिंत. गिलावाही न केलेल्या विटा. काकू दारातच उभ्या होत्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. पदर तोंडाशी धरून रडत होत्या, आणि पुतण्याला वाटलं धुळीने त्रास होतोय.

बोर्डावर आता काकूंचा फोटो आहे. ४४३१ नंबरचा, ओठ मिटलेला, साधा. चांगला आलाय, लोकही चांगला म्हणतात. ४४१८ ची प्रिंट त्यांनी मला परत दिली. माझ्याच्यानं बघवत न्हाई, म्हणाल्या, पण फाडू नका.

कुणाला याचं कारण माहीत असेल तर खरंच सांगा. कॅमेरा दुरुस्तीवाल्यालाही दाखवलाय, त्यात दोष नाही, आजही त्याच कॅमेऱ्यावर काम करते. तो फोटो कसा आला हे मला कळलेलं नाही, आणि कळेल असं वाटतही नाही.

महिना-दोन महिन्यांनी काकूंचा फोन येतो. घरचं विचारतात, पाऊसपाण्याचं सांगतात. ठेवताना दर वेळी विचारतात, "हाय ना तो?"

मी म्हणते, आहे. मग त्या फोन ठेवतात.