बसलेला माणूस

“बसा! आधी सगळे खाली बसा!” पीएचडी करणारा माझा मित्र लातूरच्या क्लासच्या दारात असा ओरडला, की देवणीचा वळूही बसला असता. प्रवेशासाठी एकमेकांना तुडवणारे पालक मुकाट बसले. नांदेडच्या होस्टेलात जेवणाची गर्दीही तो अशीच बसवायचा. म्हणायचा, “बसलेला माणूस ढकलत न्हाई.”

खरं तर तो मास्तरकीच्या मुलाखतीला आला होता. क्लासच्या मालकांनी कौतुकानं विचारलं, “हे कुठं शिकलात, सर?”

“कॉलेजच्या पथकातून भूकंपाच्या छावणीत धान्य वाटायला गेलो होतो, तिथं.”

मालक त्याला आत घेऊन गेले. तो बाहेर आला तो गोंधळूनच.

“घेतलं का रे?” मी विचारलं.

“घेतलं.”

“मग पेढे आण की! कोणता विषय शिकवायचा?”

“विषय न्हाई. दरवाजा सांभाळायचा.”