नाडा कोरडा होता

त्या सकाळी आम्ही दोघांनी मोटेचा नाडा वळला. बैल विहिरीतनं पाणी ओढतात तो जाड दोर. एका टोकाला माझी बायको तानी काठी फिरवून पीळ भरत होती. दुसरं टोक मी कमरेला गुंडाळून ताणून धरलं होतं.

"अवो, धरलाव का झोपलाव?"

"वढ की, बघ हलतो का."

तिनं हिसका दिला. मी तोंडावर. लई हसली.

आम्ही मांग. आमच्या हातच्या दोरावर पाटलाचे गडी आधी लांबनं पाणी शिंपडायचे, मग तो उचलायचे. पाणी पडलं की दोर चोख. आम्ही नाही.

तानी नाडा डोक्यावर घेऊन पाटलाच्या विहिरीवर गेली. थोड्या वेळानं एक गडी ओढ्यापल्याड मांगवाड्यात आला. लांबनंच म्हणाला, "तानी हिरीत पडली. वरडतीया."

मी पळत गेलो. पाणी शांत होतं. पाटील उभा. गडी उभे. तिचा पाय घसरलेला ओला दगड तिथंच. नाडा काठावर, तिनं ठेवला तसा, गुंडाळलेला.

"मालक, नाडा सोडा की!"

"त्याला मोट लावायची हाय. तुमच्या वाड्यातला आण."

वाड्यातल्या बाजांचे दोर सोडून, एकाला एक बांधून तानीला वर काढली, तवा ती गेलेली होती.

दुपारी अमीन आला. निजामाचा पोलीस. पाटलानं त्याला बाज टाकली, दूध दिलं.

"किसने ढकेला?" त्यानं मला विचारलं.

"कुणी न्हाय, साहेब. ती वरडत व्हती. ह्यांनी नाडा टाकला न्हाय."

पाटील लाजला नाही. वर तोंड करून म्हणाला, "कसा टाकायचा, साहेब? एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला आमी. इटाळ दोरावरनं वर येतो."

गडी हसले. अमीननं मिशीवरचं दूध पुसलं. "हात तो किसीने नहीं लगाया. गुनाह कैसा?"

पाटील माझ्याकडं वळला. "हीर बाटली. उद्या येऊन उपस. काय रं?"

एरवी माझ्या तोंडात 'जी' यायचं. त्या वेळी थुंकी आली. ती मी गिळली नाही. पाटलाच्या पायापाशी टाकली.

गड्यांनी मला तुडवलं. तवा कुणाला विटाळ झाला नाही. अमीन बघत बसला.

आता म्हातारा झालो. दुसरी केली नाही. मला तुडवणाऱ्या पायांची एवढी किळस येत नाही. काठावर लोंबत राहिलेल्या त्या धडधाकट हातांची येते. अजून घास फिरतो तोंडात.

मार खाल्ला त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच विहिरीवर गेलो. उपसायला नाही. नाड्यावर अजून कुणी पाणी शिंपडलं नव्हतं, म्हणून तो तिथंच पडून होता. खांद्यावर टाकला आणि चालत धाराशिवची कचेरी गाठली. अमीनच्या पुढ्यात आदळला.

"हात लावून बघा, साहेब. कोरडा हाय. ह्यो गुन्हा."

"कौनसी दफा लिखूं?"

"दफा-कलम तुमी हुडका. लिवून घेतल्याबिगर म्या हितनं उठत न्हाय."

आणि त्या नाड्यावर मांडी घालून बसलो.