कांबळे सरांची वाररेषा

कांबळे सरांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा पाणीबिणी राहिलं बाजूला, त्यांनी आधी विचारलं, "वैनी, माहेर किती लांब?"

"शिरोळ. पन्नासेक किलोमीटर."

"किलोमीटर कुणी विचारलं? वेळ सांगा की! पूर आला की शिरोळ मुंबईपेक्षा लांब हाय."

राजारामपुरीत आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये सर राहायचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, पण शाळा काही सुटली नव्हती. दारात आलेल्या सिलिंडरवाल्यालाही "पावणं, कुठनं आलासा? किती वेळ लागला?" हे चुकायचं नाही. पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणून ते अंतरं मोजायचे. काकू वैतागायच्या, "माझी रिळं संपली ह्यांच्या जगापायी!"

काकू गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचा एकुलता एक मिलिंद फिजी बेटावर साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून गेला. उसाच्या मुलखातलं पोरगं उसाच्याच मागं समुद्रापार गेलं, म्हणून सरांना केवढं कौतुक! अट मात्र एकच घातली होती. "कुठं बी ऱ्हा. आईच्या स्मृतिदिनाला तुझा फोन आला पायजे." मिलिंद फोन करायचा, फोनवरच बापाबरोबर बुद्धवंदना म्हणायचा, मग आम्हा शेजाऱ्यांना खीर मिळायची.

एका वर्षी तो फोन आलाच नाही. मेणबत्त्या जळून गेल्या, खीर गार झाली. सर फोनपाशी बसून राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "माझ्यालेखी तो संपला. उद्या फोन आला तर घेणार न्हाय." माणूस भारी हट्टी. एका शब्दावरून सख्ख्या भावाशी बोलणं तोडलेलं मी पाहिलं होतं. मला खरंच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना चहा द्यायला गेले, तर फोन वाजत होता आणि सर ढिम्म बसले होते. मीच उचलला आणि मिलिंदचा आवाज ऐकून रिसीव्हर सरळ त्यांच्या कानाला लावला. पोरगं इतकं ओरडून बोलत होतं की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"नाना, विसरलो! कारखान्यात यंत्र बिघडलं, त्या गडबडीत ध्यानातच ऱ्हायलं न्हाय. आज कामासाठी विमानानं अमेरिकन सामोआ बेटावर आलो. उतरलो तर विमानतळावर कालचीच तारीख! आईचा दिवस!"

आता हे फोन आपटणार, असं मला वाटलं.

"विमानाला किती वेळ लागला?" सरांनी विचारलं.

"दोन तास बी न्हाईत."

"म्हंजे पावसात राधानगरीला जाणारी एसटी!" सर ताठ बसले. "आन् मधी वाररेषा. पूर्वेला ओलांडली की तारीख एक दिस मागं. जलमभर पोरांस्नी शिकवली रं, पण ती घरात कुणाच्या कामी येईल असं वाटलं न्हवतं."

पलीकडून नुसते हुंदके.

"तू हाईस तिथं आज तिचाच दिस हाय न्हवं?"

"व्हय, नाना."

"मग रडतोस कशाला? चुकला न्हाईस तू. वैनी, मेणबत्ती लावा जरा. पोराचा दिस अजून संपला न्हाय."