चार फटक्यांचा दंड

कर्वेनगरचे यज्ञेश्वरराव म्हणजे सरळ माणूस. इतका सरळ, की समोर भिंत आली तरी वळायचा नाही. नोकरी बँकेत, हौस गोल्फची. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला आणि जिल्हा संघटनेचं सचिवपद गळ्यात पडलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही संघटनांची जुनी रीत. ती यांनी मोडली. वशिल्याचा फोन आला की न बोलता ठेवून द्यायचे.

एकुलती लेक तनया त्यांच्याहून सरस खेळायची. तिची राज्याच्या संघात निवड व्हावी, एवढंच बापाचं देवाकडे मागणं होतं.

निवडीची शेवटची फेरी नेमकी दसऱ्याला आली. आदल्या दिवशी खंडेनवमी. तनयाच्या आईने, हेमाताईंनी, रीतीप्रमाणे लेकीच्या स्टिक्स देवापुढे मांडून पूजल्या. शेजारी नवऱ्याची जुनी स्टिकही ठेवली, बापाचा आशीर्वाद म्हणून. आणि आवरताना माउलीने सगळ्या एकाच बॅगेत भरल्या. खेळाडूला चौदाच चालतात; झाल्या पंधरा.

तिसऱ्या होलवर बापाची ती हळदकुंकू लागलेली जुनी स्टिक तनयाच्या हाताला लागली. पोरगी जागीच थिजली. यज्ञेश्वरराव शेजारीच उभे. अहो, जरा दम धरायचा की नाही? पण नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "पंधरा स्टिक्स! चार फटके दंड!"

गोल्फमध्ये कमी फटके तो पुढे; हे चार तिच्या खात्यात वाढले आणि निवड दोन फटक्यांनी हुकली. सचिवांनी पोटच्या पोरीलाही सोडलं नाही, म्हणून संघटनेने त्यांना शाल-श्रीफळ दिलं, आणि हा भला माणूस ते घ्यायला गेला. काय म्हणावं! तनयाने खेळ सोडला, लोणी काळभोरच्या एका कॉलेजात नोकरी धरली आणि तिथेच राहिली. बापाशी बोलणं कामापुरतं.

यंदा दिवाळीला ती आली. यज्ञेश्वररावांचा जीव तिच्यासाठी तुटत होता, पण बोलायला गेले तेही नियमाचंच. नियम सगळ्यांना सारखा, मी तरी काय करणार होतो, असं काहीतरी पुटपुटले.

"दंड बरोबरच होता, बाबा," तनया म्हणाली. "पण आपल्या खेळात आपली चूक आपणच सांगायची, हे तुम्हीच शिकवलंत. मी सांगणारच होते. तुम्हाला वाटलं, मी लपवीन."

नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण तेव्हा तसंच वाटलं होतं, आणि खोटं बोलणं त्यांना जन्मात कधी जमलं नव्हतं.