खाली कोण आहे?

वसुधाताई चहाचा कप पुढे करून विचारायच्या, "सोडू?" समोरच्यानं तोंडानं "हो" म्हटल्याशिवाय कप सोडायच्या नाहीत. नुसती मान हलवलेली चालत नसे. नवा माणूस गोंधळून हसत राही, आणि थोडा वेळ एकाच कपाला दोघांचे हात असत. "मान काय, कुणाचीही हलते," त्या म्हणायच्या. "डुलकी लागली तरी हलते."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तोक्योत, कोतो भागातल्या आमच्या गणपतीच्या कार्यक्रमात. वेळापत्रक माझ्याकडे होतं. ते नेहमीच माझ्याकडे येतं. मुलांचा फॅन्सी ड्रेस आणि महाप्रसाद यांच्या मधे मी 'सेंदाईच्या पाहुण्या, वीस मिनिटं' असं लिहून ठेवलं होतं. पाहुण्या आल्या त्या एका खांद्याला प्रोजेक्टरची पिशवी आणि दुसऱ्या खांद्यावर रजईच्या खोळीत गुंडाळलेली, त्यांच्या निम्म्या उंचीची करवत घेऊन.

"ही शिंकान्सेन गाडीतून आणू दिली तुम्हाला?" मी विचारलं.

"एकानं विचारलं, काय आहे म्हणून. म्हटलं, वाद्य. खोटं बोलले नाही, बघच तू."

मग त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहून ओरडल्या, "दिवे घालवतेय. घालवू?" कुणी लक्ष दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी मागून एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "हो हो, घालवा एकदाचे." तेव्हा दिवे गेले. पांढऱ्या चादरीवर बर्फात उभ्या असलेल्या माणसांचा जुना फोटो उमटला, हॉलच्या एका कोपऱ्यातून बर्फ तुडवल्याचा आवाज आला, आणि ताई अंधारात ओंडक्यावर करवत ओढू लागल्या. ती खरंच वाद्यासारखी वाजत होती. वीस मिनिटांची चाळीस झाली. शिरा गार झाला, पण माझ्याकडे तक्रार आली नाही.

वसुधाताई पाटणकडच्या. लहानपणी शेताच्या माळ्यावर बसून ज्वारीची पाखरं हाकलत आणि ओढ्यापलीकडच्या चुलत बहिणीशी हाका मारून गप्पा मारत. पुढे मातीचा अभ्यास करायला सेंदाईच्या विद्यापीठात आल्या, तिथेच लग्न केलं, तिथेच राहिल्या. त्यांचे सासरे शहरामागच्या डोंगरातले लाकूडतोडे. नवरा लवकर गेला आणि म्हातारपणी सासरे सुनेकडे राहायला आले. स्वयंपाकघरात बसून त्यांनी जे सांगितलं, त्याचा ताईंनी कार्यक्रम केला. पडद्यावर फोटो, चार कोपऱ्यांतून रानातले आवाज, आणि पडद्यापुढे खरा ओंडका, खरी करवत, खरा माणूस. "पडद्यावरचा माणूस मेलेला असतो, मीनल," त्या मला म्हणाल्या. "त्याच्या शेजारी एक जिवंत माणूस उभा केला, की तोही जरा हलतो."

मी आयटीत आहे, प्रकल्प वेळेवर पोचवणं हे माझं काम. त्यांच्या सगळ्या वायरी भाजीच्या पिशवीत गुंता होऊन पडलेल्या पाहिल्या आणि मला राहवलं नाही. त्या रात्री ओजिमातल्या माझ्या घरी बसून मी प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कार्यक्रमांना जाऊ लागले. वाटणी ठरली होती. "तू वायरींचं बघ," त्या म्हणायच्या, "मी माणसांचं बघते."

त्यांना खरी हवी होती ती एक हाक. डोंगरात झाड तोडणारा शेवटचा घाव घालण्याआधी थांबून, झाड कुठल्या अंगाला पडणार ते तीनदा ओरडून सांगे. उतारावर खाली ओंडके ओढणारा गडी असे. तो बाजूला सरके आणि उत्तर देई. उत्तर आलं की मगच घाव. ताईंचे सासरे हे खालचे गडी. वरून हाक देणारे तोमे-सान अजून सासऱ्यांच्या डोंगरातल्या गावात होते, ऐंशीच्या पुढचे. त्या टोळीतले तेवढेच उरले होते. ती हाक त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच गावात, पोरांच्या कानावर पडावी, असं सासऱ्यांनी सुनेला सांगून ठेवलं होतं. तोमे-सान मात्र दर वर्षी नाही म्हणत.

आम्ही बेसनाचे लाडू घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांची डोंगरी जपानी मला अजिबात कळत नसे. ताई तिचं भाषांतर करत ते थेट सातारी मराठीत. त्यामुळे तोमे-सान माझ्या डोक्यात कायमचे कोयनेकाठचे शेतकरी होऊन बसले आहेत.

"ह्यो लाडू दाताला चिकटतोय," ते म्हणाले.

"दात आहेत का तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"दोन हायती. दोनालाबी चिकटला." मग त्यांनी दुसरा घेतला. "सूनबाई, हाक काय कोपऱ्यात बसून माराय येती व्हय? खाली कोन हाय माझ्या?"

गावासाठी ताई चाळीस वर्षांनंतरही 'योमे-सान', म्हणजे सूनबाईच होत्या.

"मामंजी आहेत," ताई म्हणाल्या. सासऱ्यांनी स्वयंपाकघरात दिलेलं ते उत्तर त्यांच्याकडे कॅसेटवर होतं. तुम्ही हाक द्या, स्पीकरवरून त्यांचं उत्तर येईल, असं त्यांनी समजावलं. तोमे-सान बराच वेळ बोटांना लागलेलं तूप पुसत बसले. "आवाज त्याचाच हाय का?" एवढंच विचारलं. आणि येतो म्हणाले.

गावातला हॉल मी बारा तारखेला घेतला. हॉलच्या व्यवस्थापकांनी "बारा ना?" असं दोनदा विचारलं, हसले आणि लिहून घेतलं. नाही कुणीच म्हणालं नाही. ताईंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून बसल्या.

"अगं, बाराला डोंगराची देवी आपली झाडं मोजते. त्या दिवशी रानात माणूस सापडला तर तोही झाड म्हणून मोजला जातो. मग तो परत येत नाही."

"पण आपण हॉलमध्ये असणार."

"ओंडका नेणार ना हॉलमध्ये? मग तेही रानच. एक माणूस फिरकणार नाही."

मी तारीख बदलली आणि माझ्या तक्त्यात 'देवीची सुट्टी' असा रकाना वाढवला. तो अजून आहे.

कार्यक्रमाला हॉल भरला. पुढे शाळेची मुलं चटईवर, मागे म्हाताऱ्या बायका खुर्च्यांवर. तोमे-सान जुन्या निळ्या कोटात आले आणि उभ्या बांधलेल्या ओंडक्यापाशी गुडघा टेकून करवत ओढू लागले. मी लॅपटॉपवर होते. सगळं क्रमानं लावलेलं होतं: हाक, उत्तर, शेवटचा घाव, पडद्यावर झाड कोसळणं, चारही कोपऱ्यांतून आवाज.

त्यांनी करवत थांबवली, मान वर केली आणि हाक दिली. एवढ्याशा छातीतून तो आवाज कसा निघाला, कोण जाणे. पहिल्या रांगेतलं एक मूल आईकडे पळालं. तीन हाका झाल्या. मी बटण दाबलं. स्पीकरमधून सासऱ्यांचं उत्तर आलं, अगदी स्वच्छ.

तोमे-सान ऐकत राहिले. चेहरा हलला नाही. पण करवतही हलली नाही.

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच उत्तर. त्यांनी करवत ओंडक्यात तशीच सोडली आणि ताईंकडे वळून काहीतरी बोलले. ताईंनी माईक तोंडापासून दूर धरला आणि सवयीनं माझ्यासाठी मराठीत सांगितलं, "म्हणतात, आवाज त्याचाच हाय. पर त्यो गेलाय. मेलेल्या मानसाच्या शब्दावर झाड पाडत न्हाईत."

माझ्या तक्त्यात या जागेसाठी काही लिहिलेलं नव्हतं. तोमे-सान उठायला लागले होते.

ताईंनी माईक टेबलावर ठेवला आणि खुर्च्यांच्या मधून भराभर चालत हॉलच्या पार शेवटी, दाराशी, चपलांच्या मांडणीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी तोंडाभोवती हात धरले. "पुन्हा द्या," त्या जपानीत ओरडल्या. "खाली मी आहे."

तोमे-साननी डोळे बारीक करून पाहिलं. परत गुडघा टेकला. तीन हाका दिल्या. आणि ताईंनी उत्तर दिलं, "होऽऽऽ." जपानी नाही, पाटणच्या शेतातलं, ओढ्यापलीकडे जाणारं. ते बहुधा त्यांच्याही ध्यानात आलं नसावं. तोमे-साननी मान डोलावली, करवत शेवटची ओढली, आणि ओंडक्याचं टोक गवताच्या चटईवर धप्प पडलं. पडद्यावरचं झाड लावायला मला उशीर झाला. तिकडे कुणी बघतही नव्हतं.

नंतर पुष्कळ कार्यक्रम झाले. कॅसेटवरचं उत्तर आम्ही काढून टाकलं आणि दर वेळी ताई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. ऑफिसात मीही बदलले. रात्रीचं मोठं काम सुरू करण्याआधी 'सगळ्यांना मेल गेली आहे' एवढ्यावर मी आता थांबत नाही. पलीकडच्या माणसाला फोन करून त्याच्या तोंडून ऐकते. आमचे साहेब तानाका-सान याला माझी भारतीय पद्धत समजतात.

गेल्या हिवाळ्यात वसुधाताई गेल्या. आजारपण फार लांबलं नाही. शेवटच्या भेटीत मी पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, "सोडू?" त्यांनी माझ्याकडे बघून घेतलं. "शिकलीस," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हो."

वसंतात गावानं पुन्हा कार्यक्रम ठेवला. ताईंचं निवेदन आता तिथल्या शाळेतल्या शिक्षिका करतात. ताईंचं "हो" माझ्या लॅपटॉपवर आहे, बऱ्याच कार्यक्रमांतलं. मी ते उघडलं नाही. वायरी जोडून झाल्यावर मी लॅपटॉप त्या बाईंच्या ताब्यात दिला आणि दाराकडे निघाले. तोमे-सान ओंडक्याशेजारी बसले होते. त्यांनी मला थांबवून काही विचारलं. मधे भाषांतर करायला कुणी नव्हतं, तरी मला ते सातारीतच ऐकू आलं.

"खाली कोन हाय?"

"मी आहे," मी जपानीत म्हटलं.

त्यांनी चपलांच्या मांडणीकडे बोट केलं आणि हात हलवला. "तितं नगं. तितनं पळाय वाट न्हाई. तिला किती येळा सांगितलं, आयकलं न्हाई." मग दुसऱ्या बाजूचा, खिडकीजवळचा मोकळा कोपरा दाखवला.

मी त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. पळायला वाट आहे का, ते पाहून घेतलं. होती. हाका आल्या, एक, दोन, तीन. मी तोंडाभोवती हात धरले.