टबावरची रताळी

अगं, अशी जवळ ये. बर्लिनहून वर्षातून एकदा मावशीकडे येतेस, आणि आणतेस काय, तर दुकानातली नारिंगी रताळी! माझ्याकडे? तुझे काका त्याला उपासाचं गाजर म्हणतात. ठेव ती तिकडे आणि ऐक.

सोळा सालची गोष्ट. हे रिटायर झाले होते, गुडघे कुरकुरत होते. बॉबलिंगेनच्या बाहेर आपला तो भाड्याचा बागेचा तुकडा आहे ना, क्लाइनगार्टन, तो परत करायचं ह्यांनी मनात घेतलं. "पालक आणि झुकिनी! त्यासाठी एवढी ये-जा?"

मी म्हटलं, "अहो, एक उन्हाळा द्या. कार्तिकी एकादशीला घरची पांढरी रताळी खाऊ घालते. नाही जमलं तर किल्ली तुम्हीच देऊन या."

बोलून तर बसले. पण बाग गेली असती तर दिवसभर मी कुठे जाणार होते, सांग.

श्टुटगार्टच्या श्रीलंकन दुकानातून लाल सालीची, आत पांढरी अशी रताळी आणली आणि फेब्रुवारीत खोली तापवणाऱ्या हायझुंगच्या वर, खिडकीत, पेल्यात अर्धी बुडवून ठेवली. कोंब फुटले की तेच तोडून लावायचे. एप्रिलात ऊन पडलं की हात शिवशिवायचे. पण मे अर्धा सरेपर्यंत इथल्या रात्रीचा भरवसा नाही, म्हणून दम धरला. मग उंच वरंबे केले, त्यावर काळं प्लास्टिक अंथरलं, तेवढीच माती उबदार. आणि वेल काय माजले म्हणतेस!

ऑक्टोबरात एका गारठ्याने पानं काळी पडली. त्याच दिवशी खणलं. मुठीएवढी निघाली गं! हरखून संध्याकाळीच उकडली. ह्यांनी एक घास घेतला.

"ओला खडू लागतोय."

मी चाखलं. गेनाऊ, अगदी खडूच.

भांडी घासता घासता आठवलं. माहेरी खणलेली रताळी वेलांखाली झाकून शेतातच पडून असायची. तिथल्या उन्हाने गोडी आपसूक भरायची. कुणी मुद्दाम काही करत नसे, म्हणून तेही एक काम असतं हे मला कधी कळलंच नाही! इथे ते ऊन कुठून आणू? मग टब गरम पाण्याने भरला, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर रताळी. हायझुंग फुल, दार बंद.

"मी आंघोळ कुठे करू? रताळी मांडीवर घेऊन?" हे ओरडायचे. नात आली की दार किलकिलं करून बघायची. "आजी, श्लाफन झी?"

"हो गं, झोपलीत. दार लाव, ऊब जाते."

एकादशीला तुपावर काप परतले. गूळ मुद्दाम घातला नाही. ह्यांनी ते संपवले आणि ताटली पुढे केली. "आहेत अजून?"

हात धुताना म्हणाले, "पुढच्या वर्षी प्लास्टिक मी अंथरतो. तू वाकडं टाकतेस."

"आणि किल्ली?"

"कसली किल्ली?"

ती बघ, अजून खिळ्याला आहे. आणि यंदाची रताळी टबावर आहेत, म्हणून तर सकाळी तुला बादली दिली आंघोळीला. एकादशीपर्यंत गोड होतील. तेव्हा परत ये. रिकाम्या हाताने ये, पण लवकर ये.